पारोशी नळी

मखमलाबादच्या मळ्यात झेंडू तोडायला माणसं पुरत नव्हती आणि घरातला एक धडधाकट गडी शेणाच्या गॅसपुढे मांडी घालून बसला होता. त्याचं नाव रंगनाथ. बी.एस्सी., केमिस्ट्री. सातपूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी होती. कारखान्याला कुलूप लागलं, स्वारी घरी आली आणि गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिनं जे काय मांडलं, त्याला गाव 'रंगनाथची भानामती' म्हणायला लागलं. म्हणणारच हो! दिवसभर भट्टी तापवायची, फुसफुस आवाज काढायचा आणि शेवटी तोंडाला काजळी फासून बाहेर यायचं, ह्याला दुसरं काय म्हणणार?

खरं तर भानगड सरळ होती. गोबरगॅसमध्ये असतो मिथेन. मिथेनमध्ये कार्बन आणि हायड्रोजन एकमेकांना घट्ट धरून बसलेले. हवेत पेटवलं की दोघं जळतात आणि धुराडं सुरू. पण हवा अजिबात लागू न देता, लोखंडी नळीतून नेत लालबुंद तापवलं, तर दोघांची फारकत होते. हायड्रोजन वायू पुढे निघून जातो, कार्बन काळा होऊन मागे नळीत राहतो. धूर नाही, राख नाही. हायड्रोजन जाळला तर नुसतं पाणी. ही गोष्ट रंगनाथ इतक्या वेळा सांगायचा, की गोठ्यातल्या म्हशींनासुद्धा पाठ झाली असेल.

आणि घोडं पेंड खायचं ते नळीत. कार्बन निघायचा तो भुसभुशीत काजळीचा, आणि घटकाभरात नळी चोंदायची. नळी काढा, ठोका, पुन्हा बसवा. त्यात भट्टी विजेची आणि वीज लोडशेडिंगची. बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले होते.

थोरला भाऊ गोटीराम शेती बघायचा. माणूस वाईट नव्हता, पण त्यानंही किती कळ काढायची? त्यानं गणपतीतच सांगून टाकलं होतं, "रंगा, दसऱ्यापर्यंत थांबतो. तुझ्या त्या पुण्याच्या बाईंनी हे काम खरं हाय असं म्हटलं, तर जन्मभर कर, मी चकार शब्द काढणार नाय. नायतर शेडमध्ये फुलांचे क्रेट ठेवू, गॅस घरातल्या शेगडीला जोडू आणि तू माझ्यासंगं बाजारात यायचं." रंगनाथनं मान हलवली. दुसरं काय करणार होता? आयुष्यात एक गोष्ट त्याला स्वतःच्या हातानं पुरी झालेली बघायची होती, आणि ती ह्या शेडमध्येच होती.

पुण्याच्या बाई म्हणजे डॉ. मोहिनी दांडेकर. तिथल्या एका प्रयोगशाळेत मोठ्या पदावर होत्या. रंगनाथच्या पत्रांना उत्तर देणाऱ्या त्या एकट्याच. "काही वेगळं दिसलं तर कळवा," एवढंच त्या म्हणायच्या.

आणि दोन हजार पाचच्या पितृपक्षात वेगळं दिसलं!

मनमाडच्या एका भंगारवाल्याकडून रंगनाथनं एक नळी आणली होती. कुठल्याशा जुन्या इंजिनच्या बॉयलरमधली. बाहेरून गंजकी, आतून गंजाचे, क्षाराचे थरावर थर. दुसऱ्या कुणी ती कुंपणालाही लावली नसती. रंगनाथनं ती आहे तशी भट्टीत बसवली, कारण घासायचा कंटाळा आला होता. आणि ती नळी चोंदेचना. दुपार उलटली तरी गॅस पुढे वाहतोच आहे! पुढच्या टोकाला ज्योत इतकी फिकी, की उजेडात दिसेना. त्यानं वर थंड ताटली धरली. ताटलीवर दव धरलं, पण काजळीचा ठिपका नाही. भट्टी निवल्यावर नळीत बोट घातलं तर हाताला आला करडा, चकचकीत, गुळगुळीत चुरा. कागदावर घासला तर पेन्सिलीसारखी रेघ उठली. काजळी नव्हतीच ती, ग्राफाईट होतं. रंगनाथ तिथंच शेणात बसला आणि लहान पोरासारखा हसत सुटला.

त्यानं एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. बाईंनी ज्योत, ताटली, चुरा, सगळं दोनदोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "नळीला हात लावू नका. आतला थर आहे तसाच राहू द्या. खरी जादू त्या थरातच आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी येते. चालवूनही बघू आणि आतलं घेऊनही जाऊ."

झालं! घरी येऊन रंगनाथनं जाहीर केलं, "बाई स्वतः येणार. आपल्या शेडमध्ये तयार झालेला स्वच्छ हायड्रोजन बघायला. एकदम स्वच्छ! कुणी शेडमध्ये पाय ठेवायचा नाही." आई, गोजराबाई, तांदूळ निवडत होती. तिनं मान डोलावली. पण तिच्या कानात राहिला तो एकच शब्द. स्वच्छ.

दसऱ्याला नाशकात झेंडू म्हणजे काय असतं, ते ज्यानं विकलाय त्यालाच ठाऊक. खंडेनवमीला पहाटेच गोटीरामनं हाक मारली, "रंगा, आज तरी ये बाबा. एकट्यानं गाडी उतरवणं होत नाय." नाही कसं म्हणायचं? शेडला कुलूप घातलं, किल्ली नेहमीप्रमाणे देवघराच्या खिळ्याला अडकवली आणि रंगनाथ गणेशवाडीच्या फूलबाजारात जाऊन उभा राहिला. दिवसभर ओरडून घसा बसला, पण मन खुशीत होतं. येताना त्यानं शेडच्या दारासाठी म्हणून निवडक फुलं बाजूला काढून ठेवली.

परत आला तर शेडचं दार सताड उघडं.

आत सगळं लखलखत होतं. जमीन सारवलेली, दारात रांगोळी. भट्टीच्या बाहेरच्या पत्र्याला चंदेरी रंग. पान्हे, पकडी, व्हॉल्व्ह ओळीनं मांडलेले, प्रत्येकाला हळदकुंकू. आणि मधोमध पाटावर, झेंडूची माळ घालून, नळी. आतून बाहेरून घासलेली. तिच्या एका टोकातून बघितलं तर दुसऱ्या टोकाचा उजेड दिसत होता.

"कसं दिसतंय?" गोजराबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. तळहात काळे, कपाळाला घाम आणि चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. "तुझ्या वहिनीनं आन् मी सकाळपास्नं धरलं बघ. वरसभर तू म्हटला हात लावू नका, नाय लावला. पण आज हत्यार पारोसं ठेवायचं? आन् ती बाई एवढ्या लांबून स्वच्छ बघायला यायची! नळी तर लय माखली व्हती रे. चिंच लावली, राख लावली, बांबूला चिंधी बांधून आतून खरडली. तवा कुठं निघाली."

रंगनाथच्या हातातली फुलं खाली पडली. 

"आतलं... आतलं काळं कुठंय, आई?"

"पाण्यासंगं सोडलं कॅनॉलला."

तो धावत कॅनॉलवर गेला. कशाला गेला, त्यालाच ठाऊक! पाणी वाहत होतं. वाहत्या पाण्याला काय विचारणार? काठावर एक गंजकट डाग तेवढा होता, तोही ओला. रंगनाथ तिथं बसून राहिला आणि रडला. आईवर ओरडावं म्हटलं तर कशासाठी? तिनं त्याच्या नळीला पोटच्या पोरासारखं न्हाऊमाखू घातलं होतं. सणाच्या दिवशी त्या माउलीला काय म्हणून सांगायचं, की तू माझं सगळं धुऊन टाकलंस? तो उठला, घरी आला आणि म्हणाला, "छान झालंय." आईनं त्याच्या हातावर साखर ठेवली.

बाई ठरल्या दिवशी आल्या. साधी सुती साडी, खांद्याला पिशवी, गाडीतून उतरल्याबरोबर सरळ शेडमध्ये. गोटीराम दाराशी हाताची घडी घालून उभा राहिला. रंगनाथनं भट्टी लावली. कोण जाणे, निभेलही, असं त्याचं वेडं मन म्हणत होतं. गॅस सोडला, ज्योत आली, बाई पुढे वाकल्या. आणि थोड्याच वेळात ज्योत पिवळी पडली, फरफरली, विझली. नळी चोंदली होती. भट्टी निवल्यावर आतून निघाली ती तीच जुनी भुसभुशीत काजळी.

"ही तीच नळी?" बाईंनी विचारलं.

"तीच."

"आतला थर?"

रंगनाथनं दाराकडे बघितलं. आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. "धुतला गेला. मीच धुतली नळी," तो म्हणाला. "खंडेनवमी होती."

"तुम्ही? अहो, तुम्ही केमिस्ट ना?"

"अगं बाई, तो कुठला धुतोय!" गोजराबाई मध्येच हसली. "त्याला चहाचा कप विसळता येत नाय. मी धुतली बाई, ह्या हातांनी. किती चकचकीत निघाली, नाय का?"

 बाईंनी चहा घेतला, "हो, खूप छान घासलीत," म्हणाल्या, आणि मान खाली घातली. चहा पिता पिता त्यांचं लक्ष भट्टीच्या दारावर गेलं. चंदेरी रंगावर, कोपऱ्यात, एक काळी तीट लावलेली होती. बाईंनी तिच्या कडेला बोट टेकवलं आणि ते कागदावर ओढलं. तेलकट डागात एक करडी, चकचकीत रेघ उठली.

बाई ताडकन उठल्या. "हे कुठलं?"

"नळीतलंच हाय," गोजराबाई म्हणाली. "एरंडेलात खललं जरासं. एवढं नटवलं म्हटल्यावर दृष्ट नको लागायला."

"रंगनाथ, हे मला हवंय! एवढ्याशावरही कळेल आत काय घडलं होतं ते. नळी पुन्हा करता येईल." बाईंनी पिशवीतून छोटी सुरी आणि काचेची बाटली काढली.

गोजराबाई भट्टीपुढे आडवी आली आणि तिनं तिटेवर तळहात ठेवला. "तीट खरडू नका, बाई. लेकाचं काम आत्ताच बघा कसं इझलं. कुणाची तरी नजर लागलीच हाय. ही पण काढली तर काय राहील त्याच्यापाशी?"

बाईंनी रंगनाथकडे बघितलं. गोटीरामनंही बघितलं. नुसतं म्हणायचं होतं, आई, हात काढ. पण मग ती का म्हणून विचारणार, आणि का ते कळल्यावर तिला पुन्हा सुखानं झोप लागली नसती.  

"राहू द्या, बाई," तो म्हणाला.

"अहो, पण..."

"राहू द्या."

बाईंनी तो रेघेचा कागद तेवढा घडी करून पिशवीत टाकला. पुढे त्यांचं पत्र आलं, की कागदावर तेलच जास्त होतं, त्यावरून काही ठरवता आलं नाही. रंगनाथनं मनमाडला जाऊन तशाच नळ्या पुष्कळ शोधल्या. तशी मिळाली नाही. गोटीराम एक अक्षर वाईट बोलला नाही, आणि तेच रंगनाथला जास्त लागलं. दिवाळीपर्यंत गॅस शेगडीला जोडला गेला आणि शेडमध्ये क्रेट आले. भट्टी जड म्हणून तिथंच कोपऱ्यात राहिली, तिटेसकट. ती गुपचूप खरडायला रंगनाथचा हात कधी धजला नाही.

पुढच्या खंडेनवमीला गोजराबाईनं चिंच भिजवली आणि हाक मारली, "रंगा, भट्टी पारोशी ऱ्हायली रे, पाणी आण." रंगनाथनं बादली आणून ठेवली. आईनं जुनी तीट चिंचेनं चोळून चोळून काढली, वरून पाणी ओतलं आणि देवापुढच्या समईची ताजी काजळी बोटावर घेतली. वर्ष झालं की तीट बदलायची असते, ती म्हणाली. काळं पाणी उंबऱ्यावरून बाहेर गेलं, आणि रंगनाथ झेंडूची माळ हातात धरून, आईचं होईपर्यंत उभा राहिला.