पहिल्या ओळीचा नारळ

इजिप्तचा पाहुणा पुण्याहून मोटारीनं निघाला असा फोन आला, तेव्हा ज्योतीराम मिस्त्री जमिनीवर उताणा पडून इंजिनाच्या बॉडीखाली हात घालून अक्षरं चाचपत होता. अक्षरं इंग्रजी. त्याला वाचता येत नव्हती, पण बोटांना ती वर्षानुवर्षं पाठ होती. हॅरोबी, इंग्लंड.

"हीच हाय," तो म्हणाला. शेजारी उकिडवा बसलेल्या मीरासाहेब फिटरनं कपाळाला हात लावला.

आता एवढं घाबरायचं कारण काय, असं कुणी विचारील. सांगतो की. कासारवाडीच्या अलीकडं, रुळाला लागून, अर्जुनरावांचा कारखाना होता. शेतावरच्या पंपांची डिझेल इंजिनं करायचा. करायचा म्हणजे काय, विलायतेतल्या हॅरोबी कंपनीनं नकाशे द्यायचे, लाकडी पॅटर्न द्यायचा, आणि आपण वाळूत त्याचा ठसा घेऊन तिच्या नावानं लोखंड ओतायचं. मग सुवेझचं भांडण पेटलं, कालवा बंद पडला, विलायतेचा माल अडकला आणि हॅरोबीनं हात वर केले. अर्जुनराव जिद्दीचा माणूस. त्यांनी सागवानाचा स्वतःचा पॅटर्न करून घेतला आणि त्यावर 'मावळ' हे नाव कोरलं. जुना माळ्यावर फेकून द्या म्हणाले.

आणि नशीब कसं असतं बघा. तिकडं इजिप्तवाले इंग्रजांवर असे खार खाऊन होते, की त्यांचा खिळासुद्धा त्यांना नको होता. शोधत शोधत ते ह्यांच्या दारात आले. पंपाची इंजिनं द्या म्हणाले, मात्र एकच अट घातली. त्यात इंग्रजांचं काही निघालं, तर सगळा माल परत. माल परत आला तर भट्टीला कुलूप लागणार, हे वाळू चाळणाऱ्या छबूबाईपासून सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि तरी ह्या ज्योतीरामबाबानं काय करावं? खंडेनवमीला, पूजेनंतरच्या पहिल्या ओतकामाला, माळ्यावरचा जुना पॅटर्न गुपचूप खाली काढला. त्याला हळदकुंकू वाहिलं आणि पहिला साचा त्याचाच केला. बाकीचे सगळे मावळचे. पहिली बॉडी ह्याच पॅटर्नची, हा त्या भट्टीचा रिवाज होता. तो मोडला तर आख्खा लॉट बिघडेल, अशी त्याच्या मनानं खूणगाठ बांधलेली. नंतर ती बॉडी बाजूला काढायची होती, पण दिवाळीच्या गडबडीत रंगवाल्यांनी सगळ्यांना एकच राखाडी रंग फासला आणि तीही ओतल्या क्रमानं लावलेल्या मालात, पहिल्या ओळीत जाऊन बसली.

"उचलून शेडमागं टाकू," मीरासाहेब म्हणाला.

"मोजून ठेवल्यात. एक कमी दिसंल."

तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला.

इजिप्तचा पाहुणा, फहमी साहेब, उंच, सावळा, अर्ध्या पिकल्या मिश्यांचा माणूस होता. चहाला नको म्हणाला आणि सरळ रांगेकडं गेला. एकेका बॉडीवर हातोडीनं टिचकी मारायची, कान लावायचा, पुढं सरकायचं. तो पहिल्या ओळीतल्या त्या बॉडीशी आला. साहेबानं टिचकी मारली, जरा थांबला, पुन्हा मारली आणि पुढं गेला.

शेवटी तो अर्जुनरावांशी इंग्रजीत काहीतरी बोलला. अर्जुनराव ज्योतीरामकडं वळले. "मिस्त्री, साहेब म्हणतात, हे तुम्ही ओतलंय. ज्याच्यावर तुमचा सगळ्यात जास्त भरवसा, ती बॉडी तुम्हीच द्या. फोडून आत बघायचीय."

ज्योतीरामला देव पावल्यासारखं झालं. घणाखाली तुकडे होतील, अक्षरांचा तुकडा मीरासाहेब पायाखाली सरकवील, काम फत्ते. आणि खोटं तरी काय त्यात? त्याचा खरा भरवसा त्याच बॉडीवर होता. पूजेची होती ती. त्यानं बेधडक बोट दाखवलं.

घण पडला, दुसरा पडला, तिसऱ्याला बॉडी दुभंगली.

आत मधाच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं.

फहमी साहेबानं गुडघ्यावर बसून एका भोकात करंगळी घातली. मग तुकडा उलटा केला. मीरासाहेबाचा पाय पुढं आला होता, पण उशीर झाला. राखाडी रंगाखाली अक्षरं स्वच्छ उमटलेली होती.

अर्जुनरावांचा चेहरा पांढराफटक पडला. पण व्यापारी माणूस, क्षणात सावरले. हसून इंग्रजीत भराभरा बोलायला लागले आणि मधेच ज्योतीरामला मराठीत हळूच म्हणाले, "गप राहायचं. मी सांगितलंय, हा नमुना म्हणून मुद्दाम ठेवला होता. इंग्रजांचा पॅटर्न असाच पोकळ माल देतो, म्हणूनच आपण तो टाकला."

आणि फहमी साहेब चक्क हसला. आल्यापासून पहिल्यांदाच. तुकड्यावरच्या नावावर त्यानं टिचकी मारली आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटला. सगळ्यांच्या जिवात जीव आला. छबूबाईनं पदरानं तोंड पुसलं. सुटलो, असंच सगळ्यांना वाटलं.

सुटला नव्हता तो एकटा ज्योतीराम. त्याची नजर त्या भोकांवरून हलेना. पॅटर्न लाकडाचा, तो कशाला भोकं पाडतोय? भोकं पडतात ओल्या वाळूनं. खंडेनवमीला त्यानं नारळ फोडला होता आणि पाणी आपल्या हातानं पहिल्या ओळीच्या सगळ्या साच्यांवर शिंपडलं होतं. एरवी वाळू जरा जास्त भिजली तर पोरांच्या नावानं शंख करणारा माणूस तो. लोखंडाचा रस ओतताना तडतडला, ठिणग्या उडाल्या, तेव्हा सगळे हात जोडून म्हणाले की देवानं नैवेद्य घेतला. ह्यानंही हात जोडले. देवाच्या पाण्यानं साचा भिजतो, हे त्या दिवशी त्याच्या डोक्यातच आलं नाही.

त्या ओळीत अजून चार बॉड्या होत्या. त्यांच्यावर मावळचं नाव होतं. त्या बोटीत चढणार, कुठल्या तरी नदीकाठी बसणार, आणि ऐन पाण्याच्या दिवसांत तडकणार. गप राहिलं तर आज भट्टी वाचत होती. बोललं तर कदाचित आजच विझत होती. त्याला मनापासून भीती वाटली.

"मालक," तो म्हणाला, "पॅटर्नचा दोष न्हाई. माजा हाय. वाळू मी भिजवली. ह्या ओळीतल्या चारीबी अशाच असतील."

"मिस्त्री, गप बस म्हणलं ना."

"व्हय मालक. पर त्यांच्यावर आपलं नाव हाय."

फहमी साहेब दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होता. त्यानं अर्जुनरावांना काहीतरी विचारलं. अर्जुनरावांनी तोंड फिरवलं. तेव्हा मीरासाहेब पुढं झाला. तो तरुणपणी अदनच्या गोदीत राबून आलेला, तिथले पाचपन्नास अरबी शब्द अजून जिभेवर होते. कोपऱ्यातल्या देवाच्या फोटोपुढची नारळाची करवंटी त्यानं उचलली, पहिल्या ओळीवर उपडी करून दाखवली आणि म्हणाला, "मोया." म्हणजे पाणी.

आता झाकायला काही उरलंच नाही. अर्जुनरावांनी मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. पॅटर्न, पूजा, नारळ, सगळं.

फहमी साहेबाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. तो उठला. पहिल्या ओळीतल्या एका मावळकडं बोट केलं. फोडली. भोकं. मग तो मागं मागं गेला, पार कोपऱ्यातल्या ओळीत, आणि तिथली एक दाखवली. मीरासाहेबाच्या हातातला घण ज्योतीरामनं काढून घेतला. फोडायची तर आपणच फोडू. तिला चांगले सहा घाव लागले. दुभंगली तेव्हा आत करडं, घट्ट, एकजीव लोखंड होतं. साहेबानं अजून एक फोडायला लावली. तीही तशीच निघाली.

रुमालानं हात पुसत तो बराच वेळ बोलला. अर्जुनरावांनी हळूहळू मराठीत सांगितलं. "म्हणतात, आमच्या शेतीच्या कालव्यांवर इंग्रजांनी जन्मभर पंप विकले. त्यातला खराब कुठला, हे एकानंही कधी सांगितलं नाही. पहिली ओळ नव्यानं ओता. बाकीचा माल बोटीवर चढवा."

मोटार गेली. अर्जुनराव तुकड्यांपाशी उभे राहिले. "माळ्यावर टाक म्हटलं होतं ना तुला?"

"व्हय मालक."

"मग?"

ज्योतीरामनं त्या अक्षरांकडं बघितलं. "भ्यालो. त्यांच्या नावाबिगर आपल्या हातनं नीट हुईल, असं वाटंना."

त्याला वाटलं, आता हिशोब करून घरी पाठवणार. पण अर्जुनराव तिथंच एका पालथ्या घमेल्यावर बसले.

"मला तरी कुठं वाटत होतं?" ते म्हणाले. "त्या कोपऱ्यातल्या मावळवर घण पडेपर्यंत डोळे मिटून उभा होतो मी."

दुसऱ्या दिवशी पहिली ओळ पुन्हा मांडली, पाचही साचे मावळचेच. नारळ आणला होता. ज्योतीराम तो घेऊन शेडच्या बाहेर, रुळाच्या बाजूला गेला, तिथं फोडला आणि पाणी मीरासाहेबाला पाजलं. मग हात कोरडे करून तो साच्यांपाशी आला आणि रस ओतायला सांगितलं.