हे कोणतं राज्य?

दवाखान्यात डॉक्टरीणबाई रोज सकाळी देवरावांना विचारायच्या, "दादा, हे कोणतं राज्य?" आणि नल्लकुंट्याच्या घरून डबा घेऊन आलेल्या भागूबाई रोज चिडायच्या. नवऱ्याचं यकृत बिघडलं, तर त्याच्या भूगोलाची परीक्षा कशाला?

पहिल्या दिवशी देवराव म्हणाले होते, "निजामाचं."

शेवटी डॉक्टरीणबाईंनी समजावलं. आतड्यात तयार होणारा अमोनिया यकृत साफ करतं. यकृत थकलं की तो मेंदूपर्यंत जातो. तिथलं एक एन्झाइम त्याला पकडून त्याचं ग्लुटामिन करतं. पण ते साठत गेलं की पेशी फुगतात आणि माणूस बरळू लागतो; डोकं किती ताळ्यावर आहे ते कळावं म्हणून हा रोजचा प्रश्न.

"म्हणजे चोर पकडला आणि घरातच ठेवून घेतला!" भागूबाई म्हणाल्या. "मग उपाय?"

"हे गोड औषध. पोट साफ राहिलं की डोकंही ताळ्यावर येईल."

आणि खरंच, एका सकाळी देवराव उठून बसले, चहा पाणचट आहे म्हणून कुरकुरले. भागूबाईंचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न विचारला.

"आंध्र प्रदेश," देवराव ठासून म्हणाले.

डॉक्टरीणबाई औषध वाढवायला निघाल्या.

"नक्को, नक्को!" भागूबाईंना हसू आवरेना. "हे भरती झाले तेव्हा तेच होतं. तेलंगणा वेगळा झाला तो परवा, यांना कुणी सांगितलंच नाही!"

देवरावांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

"मी खाटेवरून हललो नाही, आणि राज्य बदललं म्हणता," ते म्हणाले. "मग बरळतंय कोण?"