मालुबाईची फांदी

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे हरिभाऊ दर रविवारी बेळगावहून लोंढ्याच्या रानात यायचे, कुजक्या लाकडावरची पापुद्र्यासारखी बुरशी गोळा करायला. वाट दाखवायची मालुबाई. जन्मभर सरपण फोडलेली ही बाई बुरशीची जात ओळखायची ती खालचं लाकूड मोडून. पण एकदा हरिभाऊ म्हणाले, "लाकडाचं राहू दे, तू फक्त रंग बघत जा." ते तिला झोंबलं.

तिनं बुरशी धरलेली एक फांदी मधोमध मोडली. एक तुकडा आठवडाभर चुलीवर टांगला, दुसरा ओल्या पोत्यात गुंडाळला. रविवारी दोन्ही पुढं ठेवले. हरिभाऊंनी भिंग लावलं आणि हरखलेच: दोन नव्या जाती! करड्या तुकड्याला त्यांनी आपल्या गोऱ्या प्रिन्सिपॉलसाहेबांचं नाव दिलं आणि मग जांभळट तुकड्याला बायकोचं, विद्युल्लतेचं.

पुढच्या रविवारी ते सांगत आले की, बायकोनं ही बातमी गल्लीभर केलीय. मालुबाईनं त्यांच्या पिशवीतले दोन्ही तुकडे मागून घेतले आणि मोडलेली टोकं जुळवली. मधे फटसुद्धा उरली नाही.

हरिभाऊ मटकन नेहमीच्या ओंडक्यावर बसले. एका जातीला एकच नाव, तेही आधी दिलेलं. म्हणजे साहेब राहणार, विद्युल्लता जाणार. "आता घरी कुठल्या तोंडानं जाऊ?"

"दुसरी नवी जात हाय की," मालुबाई म्हणाली. "रंग ह्येच्यासारखाच, पर ही लाकूड पांढरं करती आन् ती तांबडा भुगा करती. म्हैनाभर तिच्यावरच बसून भाकरी खातासा. उठा जरा मास्तर, वैनी तुमच्या बुडाखाली हाईत."