पांघरपिसं

सुभेदार लालासाहेब जगदाळे फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्यात राहायला आले, तरी त्यांची नजर काही निवृत्त झाली नव्हती. सरहद्दीवरच्या चौकीत दिसलं ते दिसलं तसं लिहायचं, यातच त्यांची सव्वीस वर्षं गेली होती.

१९९३च्या श्रावणात ते आटपाडीला बहिणीकडे गेले. तिथल्या माळावर त्यांना एक काळा पक्षी दिसला. गुडघाभर गवतातून तो चेंडूसारखा उसळायचा, वरच्या वर पांढरे पंख फडफडवायचा आणि पुन्हा गवतात बुडायचा. लांबून दिसलं, तेही दुर्बिणीशिवाय. घरी येऊन त्यांनी पुण्याच्या पक्षितज्ज्ञ डॉ. सुमंत टिळेकरांना पत्र टाकलं : 'अंग काळं, पंख पांढरे. तणमोर असावा.'

आठ दिवसांत उत्तर आलं. 'असे पांढरेशुभ्र पंख असणारा पक्षी हिमालयाच्या पायथ्याशी राहतो. तणमोर तर तुमच्या भागातून केव्हाच दिसेनासा झाला. आपली पाहण्यात चूक झाली असावी.'

चूक! सुभेदारांना जेवण गोड लागेना. आपल्या पत्राची नक्कल आणि हे उत्तर घेऊन ते शेजारच्या चारुशीलाकडे गेले. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची.

"काका, पांढरं नेमकं कुठं होतं?" तिनं विचारलं.

"पंखावर. अजून कुठं?"

चारुशीलानं कोंबडीच्या दुकानातून एक पंख आणवला आणि वर्तमानपत्रावर पसरला. "ही लांब, ताठ पिसं उडायची. आणि त्यांच्या मुळांवर कौलांसारखी एकावर एक बसलेली ही लहान पिसं बघा. यांना इंग्रजीत कव्हर्ट म्हणतात."

"कव्हर्ट? आमच्याकडं कव्हर्ट म्हणजे छुपी कारवाई!"

ती हसली. "इथं लपवाछपवी नाही. ही उडायच्या पिसांवर पांघरूण घालतात."

"मग सरळ पांघरपिसं म्हण की, पोरी!"

"म्हणू या. तर काका, हिमालयातल्या त्या पक्ष्याचा पंख जवळजवळ टोकापर्यंत पांढरा. तणमोराची फक्त पांघरपिसं पांढरी. सगळा निकाल तेवढ्यावरच."

दुसऱ्या दिवशी सुभेदार दुर्बीण घेऊन आटपाडीच्या एसटीत बसले. माळावर मेंढरं राखणारा बिराप्पा भेटला. पक्ष्याचं वर्णन ऐकून तो म्हणाला, "आवं सुभेदार, त्यो उड्या मारनारा व्हय? रोज बगतुया आमी. त्या हिवराच्या झाडापल्याड हाय त्यो."

हिवराच्या अलीकडं सुभेदार पालथे पडले. पक्षी हवेत राहायचा तो डोळ्याचं पातं लवेपर्यंत. पहिल्या दिवशी नुसता पांढरा झपकारा दिसला. दुसऱ्या दिवशी ढगांनी उजेडच दिला नाही. कोपरं सोलवटली, मुंग्या चावल्या, पण ते हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी पक्षी तीस पावलांवर उसळला. पंख उघडला. खांद्याशी पांढरं, पुढची लांब पिसं काळपट! शिवाय डोक्यामागं वळलेल्या पिसांचे तुरे. तरी सुभेदारांनी लगेच वही उघडली नाही. चाळीस उड्या मोजल्या, मगच लिहिलं आणि तेच टिळेकरांना पत्रानं कळवलं.

त्या पत्रावर टिळेकर स्वतः आले. "मला दुपारच्या गाडीनं परत जायचंय," त्यांनी आल्या आल्या बजावलं.

बिराप्पासह तिघं गवतात पडून राहिले. तास गेला. टिळेकरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. आणि समोरच्या गवतातून तो काळा चेंडू उसळला! पुन्हा. पुन्हा. टिळेकरांनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

"फक्त कव्हर्ट पांढरी..." ते पुटपुटले. "तणमोर! सुभेदारसाहेब, चूक माझी. जे मी विचारायला हवं होतं, ते तुम्ही बघून आलात."

"चूक कसली साहेब. पहिलं पत्र माझंच कच्चं होतं."

"लय नाचतोय आज," बिराप्पा खुशीत म्हणाला. त्यानं कमरेच्या पिशवीतून भंडारा काढला आणि दोघांच्याही कपाळाला लावला. टिळेकरांची दुपारची गाडी केव्हाच गेली होती. ते गवतात तसेच पडून उड्या मोजत होते.

संध्याकाळी सुभेदारांनी आटपाडीच्या स्टँडवरून साताऱ्याला फोन लावला. तारेत खरखर फार होती, म्हणून ते परेडीवरच्या आवाजात ओरडले, "चारुशीला, फत्ते!" स्टँडवरची सगळी माणसं वळून बघायला लागली. सुभेदारांनी त्यांनाही हात उंचावून सलाम ठोकला.