तिसरीच्या वर्गातलं वायफाय

"हे नाव काढा, ॲन्सेल्म," मुख्याध्यापिका सँड्रा मॅडम स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाल्या. "नोव्हेंबरात चर्चमध्ये मृतांसाठी मिस्सा होईल, त्यात पॉलिनचं नाव वाचायला देऊच आपण. इथे नको."

निर्मळजवळच्या या शाळेत ॲन्सेल्म कॉम्प्युटर लॅब सांभाळायचा. म्हणजे ज्याला वायर असेल ते सगळं त्याच्या गळ्यात. शाळेचं जुनं वायफाय नुसती धर्मशाळा होती. एकच पासवर्ड, आणि तो गेटवरच्या वडापाववाल्यालाही पाठ. नव्या वायफायला मात्र प्रत्येक शिक्षकाचं वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. वर्गाबाहेरचा वायफायचा डबा आपल्या मनाने कुणालाच आत घेत नसे. तो ऑफिसातल्या सर्व्हरला विचारायचा, आणि सर्व्हर हो म्हणाला तरच जोडायचा.

पहिली चाचणी त्याने पॉलिनच्या फोनवर घेतली होती. पॉलिन त्याची बायको, तिसरीची वर्गशिक्षिका. तेव्हा ती आजारपणाच्या रजेवर होती. "मी येणारच आहे परत, माझं आधी करून ठेव," असं बजावून तिने फोन दिला होता. ती परत आली नाही. नाव राहिलं, आणि ते काढायचा धीर त्याला झाला नाही.

मॅडम गेल्यावर त्याने तिचं नाव उघडलं. पुढे हिरवा ठिपका होता. पॉलिन जोडलेली होती, तिसरीच्या वर्गातून.

त्याने घरी मुलीला फोन लावला. "एलिसा, मम्मीचा फोन कुठे आहे?"

"आल्तारावर, क्रूसाखाली. तुम्हीच ठेवलाय ना, रोझरीजवळ."

"चालू आहे?"

"काय पप्पा. कधीचा बंद पडलाय तो, चार्जिंगला कोण लावतंय? बरं नाय वाटत का तुम्हाला?"

तो तिसरीच्या वर्गापर्यंत गेला. पॉलिनच्या जागी आलेले गॉडफ्रे सर फळ्याशी उभे होते. साठ पोरं खाली मान घालून लिहीत होती, खोडरबर पडल्याचाही आवाज नाही.

"सकाळपासून अशीच आहेत," सर दारात येऊन हळूच म्हणाले. "मी तर ओरडलोपण नाय. तिच्या वेळेला बसायची तशी बसलीत."

ॲन्सेल्मच्या अंगावर काटा आला. पण खरं सांगायचं तर त्याला भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला होता.

तो परतला तर मॅडम लॅबच्या दारात उभ्या. "झालं का?"

वरच्या माणसाला नाही म्हणणं ॲन्सेल्मला जन्मात जमलं नव्हतं. त्याने त्यांच्या देखत नाव काढलं. "झालं, मॅडम."

त्या वळल्या आणि स्क्रीनवर लाल ओळ उमटली. पॉलिन, प्रवेश नाकारला. खाली लगेच दुसरी. मग, बऱ्याच वेळाने, तिसरी.

त्याने नाव पुन्हा घातलं, पासवर्डही तोच, आणि वाट पाहत बसला. हिरवा ठिपका उमटला नाही. व्हरांड्याच्या टोकाकडून तिसरीच्या पोरांचा कालवा ऐकू आला, पाठोपाठ गॉडफ्रे सरांनी टेबलावर आपटलेलं डस्टर.

शाळा सुटली तरी तो उठला नाही. पॉलिन मानी बाई होती. घरात ती कुठलीही गोष्ट एकदाच मागायची. इथे तिने तीनदा मागितलं होतं.