तंबूची दोरी

माहूरच्या डोंगराकडं जाऊन एक मुक्काम तंबूत करायचा, असं आम्हा पाचजणींचं ठरलं आणि माझ्या घरात सामानावरून जुंपली. बेत प्रियदर्शनीचा. ती आमच्या अंगणवाडीत लसीकरणाला येणारी नर्स, वय तिशीच्या आत, पायाला भिंगरी. तिच्या मामांचं, धम्मानंद यांचं, माहूरजवळ शेत आहे, तिथं तंबू ठोकायचे. तिनं मोबाईलवर यादी पाठवली. तंबू माझ्याकडून, तुम्ही पातळ गादी, ब्लँकेट, बॅटरी, कानटोपी, पाण्याची बाटली आणि कपड्यांचा एक जोड घ्या. एका खांद्याला पेलेल तेवढंच.

ही यादी मी आमच्या ह्यांना वाचून दाखवली, तिथंच चुकलं. आमचे हे म्हणजे औशातले शिवशंकर मंडपवाले. तीस वर्षं लोकांच्या लग्नात मांडव घालतात, त्यामुळं मुक्काम म्हटलं की ह्यांना दोनशे माणसं दिसतात. तंबूचा फोटो डोळ्यांपासून लांब धरून बघितला आणि म्हणाले, "हा तंबू हाय का मच्छरदानी?" संध्याकाळपर्यंत पडवीत दोन जाड गाद्या, चार लोड, पाण्याचा जार आणि लायटिंगची माळ येऊन पडली. मी म्हटलं, आता नवरदेव कुठं बसवायचा तेवढं सांगा.

मी हसण्यावारी नेत होते, पण आतून मी धास्तावले होते. कारण माझा उजवा गुडघा. दिवाळीच्या आधी अंगणवाडीच्या पायरीवरून पडले, तेव्हापासून खाली बसले की काहीतरी धरल्याशिवाय मला उठता येत नाही. वर्गात मी त्याचा खेळच करून टाकलाय, 'बाईंना ओढा'. पोरं दोन्ही हात धरून ओढतात, मी उठते, सगळे टाळ्या पिटतात. आमच्या मदतनीस केवळाबाई, ह्या पाचजणींतल्याच एक, त्यांनाही तो खेळच वाटतो. घरी पलंग आहे, खुर्ची आहे, निभून जातं. बावीस वर्षं जमिनीवर बसून पोरं सांभाळलेल्या बाईनं 'मला उठता येत नाही' हे आपल्या तोंडानं सांगायचं, ते मला काही केल्या जमत नव्हतं. घरातसुद्धा कुणाला बोलले नव्हते. आणि तंबूत तर पलंग नसतो.

जायचं मात्र होतं. माहेर, लग्नकार्यं आणि दवाखाने सोडले तर मी माझी म्हणून कुठं गेलेच नव्हते.

बुधवारी दुपारी घरामागच्या गोदामात सतरंजी टाकली आणि तिच्यावर आडवी झाले. उठायला जमतं का बघू म्हटलं. तीन वेळा बघितलं. शेवटी रांगत बांबूंच्या थप्पीपर्यंत गेले आणि बांबू धरून कशीबशी उभी राहिले. रडू आलं ते पदरानं पुसलं, साडी झटकली, घरात आले. जेवताना ह्यांना सांगितलं की थंडी फार आहे, मी काही जात नाही. मला वाटलं, ह्यांना बरंच वाटेल. ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "जायचं. बॅग मी भरतो."

आमच्या संसारातली एकूण एक बॅग मी भरलेली आहे. सासूबाईंची दवाखान्याची, पोरांची हॉस्टेलची, ह्यांची तर दर लग्नसराईत. ह्या माणसाला आपला रुमाल कुठल्या खणात असतो ते ठाऊक नाही. मी बजावलं, गाद्या भरल्यात तर मी गाडीत बसणार नाही. शुक्रवारी दिवसभर गोदामातून ठोकाठोकीचा आवाज येत होता. संध्याकाळी हे आले तर सदऱ्याची पाठ मातीनं माखलेली. लहान पोरासारखं जमिनीवर लोळत होता का, म्हणून मी तोंडसुख घेतलं. ह्यांनी सदरा बादलीत टाकला आणि जेवायला बसले.

शनिवारी पहाटे जीप दाराशी आली. ह्यांनी मांडवाच्या कनातीच्या, म्हणजे बाजूच्या पडद्याच्या, कापडाची शिवलेली, माझ्याएवढी लांब पिशवी टपावर बांधली. एका खांद्याला पेलायची ती यादी आठवून मला प्रियदर्शनीकडं बघवेना. काय आहे विचारलं, तर हळूच म्हणाले, "तिथं गेल्यावर एकटी असशील तवा उघड." लातूर गेलं, नांदेडला चहा झाला, सगळ्या गाणी म्हणत होत्या. मी मात्र सकाळी तंबूतून कशी उठणार, एवढाच विचार करत होते.

दुपार कलता पोचलो. मामांनी तूर काढलेलं रान साफसूफ करून ठेवलं होतं. तंबू उभे राहिले, बाकीच्या चूल मांडायला गेल्या, तशी मी तंबूमागं जाऊन पिशवी सोडली.

वरच घडीची लोखंडी खुर्ची. बसायच्या जागी गोल भोक पाडलेलं आणि कडेनं सायकलची ट्यूब गुंडाळलेली, म्हणजे कापू नये. रानात उकिडवं बसायला लागू नये म्हणून ती होती, हे मला क्षणात कळलं. आडोशाला चार काठ्या आणि बेतून कापलेली कनात. त्याखाली छातीइतका उंच लोखंडी पाइप, दोन खुंट्या आणि गाठी मारलेली जाड दोरी. हात सोलू नयेत म्हणून प्रत्येक गाठीवर लाल मखमल शिवली होती, लग्नातल्या खुर्चीची. तळाशी बिलाच्या कोऱ्या कागदावर ह्यांचं अक्षर होतं. आपल्या माणसांना सूचना लिहून देतात तसंच.

"पाइप तंबूच्या दाराशी, उजव्या हाताला ठोकणे. दोरी वरच्या टोकाला बांधून दोन्ही खुंट्यांना ताण देणे. डोकं दाराकडं करून झोप. उठताना आधी कुशीवर वळ, मग खालची गाठ धर, एकेक गाठ वर जा. मी उजवा पाय काठीला बांधून चार वेळा उठून बघितलं. उठता येतं. बुधवारी मी गोदामात खुर्च्यांच्या मागं होतो. पुढं आलो असतो तर तुला आवडलं नसतं. कुणी विचारलं तर तंबूची दोरी आहे म्हणून सांग."

मी तो कागद तीनदा वाचला. मातीनं माखलेला तो सदरा आणि माझी बडबड आठवली. ह्या माणसाचे उपकार कुठं ठेवू, असं झालं मला. ओढून उभं करणारं कुणी असतं, पण आपल्या उठण्यासाठी स्वतःचा पाय बांधून घेणारं माणूस माझ्या वाट्याला आलं होतं आणि मी तीस वर्षं त्याचे रुमाल मोजत होते.

धम्मानंद मामांनी तंबूचाच खांब समजून पाइप ठोकून दिला, आडोशाच्या काठ्याही रोवून दिल्या.

सकाळी सगळ्यांच्या आधी जाग आली. कुशीवर वळले, खालची गाठ धरली, मग दुसरी, मग तिसरी. उभी राहिले. समोर डोंगरावर ऊन नुकतं उतरत होतं आणि मी माझ्या पायांवर उभी होते. मागं वळले तर शेजारच्या तंबूतून केवळाबाई डोकं बाहेर काढून माझ्याकडंच बघत होत्या.

"बाई, ही दोरी कशाची हो?"

तंबूची, हा शब्द अगदी ओठावर आला होता. पण ज्यानं माझ्यासाठी एवढं केलं, ते लपवावं असं मला वाटेना.

"माझ्या गुडघ्याची," मी म्हटलं. "दिवाळीपासून उठता येत न्हाई मला. आमच्या ह्यांनी करून दिली."

केवळाबाईंनी अंगावरचं ब्लँकेट बाजूला सारलं. मग दोन्ही हातांवर सरकत माझ्या तंबूच्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "मग सरका जरा. माझी कंबर बी लई दिवसापासून धरून राहिली, मी बी कुणाला बोलले न्हाई." गाठ धरून त्या उठल्या. नंतर कनातीमागच्या खुर्चीसाठी रांग लागली. प्रियदर्शनीसुद्धा रांगेत होती, आणि पुढच्या वेळच्या यादीत ही खुर्ची पहिली, असं तिनंच जाहीर केलं.

चहा झाल्यावर ह्यांना फोन लावला. ह्यांनीच विचारलं, दोरीबद्दल कुणी विचारलं का.

"विचारलं. मी खरं सांगितलं."

"बरं केलंस," हे म्हणाले. मग नेहमीच्या आवाजात, "येताना खुंट्या मोजून आण."

खुंट्या दोनच होत्या. निघताना मी त्या दोनदा मोजल्या.