मधला तुकडा

मी केक करते. हौसेसाठी नाही, पोटापाण्यासाठी. सकाळी सहाला बेकरीत हजर असते आणि आठच्या आत चाळीस केक भट्टीतून बाहेर काढते, सगळे एका उंचीचे, एका रंगाचे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझी फजितीच फजिती आहे.

लग्न करून या घरात आले तेव्हा स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. सोमवार ते रविवार, सात ओळी, हिरव्या शाईत. सोमवारी सूप, मंगळवारी अंडी, बुधवारी मासे, असं करत करत शनिवारी ‘उरलंसुरलं आणि केक’. खाली बारीक अक्षरात केकचं प्रमाण. वरून प्लास्टिक चढवलेलं, म्हणजे पाणी उडालं तरी शाई पसरायला नको. अक्षर तिचं. ती म्हणजे माझ्या नवऱ्याची पहिली बायको. ती चांगली धडधाकट आहे. तीन वर्षांपूर्वी दोघं वेगळे झाले, आणि आता ती दोन तासांवरच्या दुसऱ्या गावात एका प्रयोगशाळेत काम करते. मुलगी शाळेमुळे इथेच राहिली, महिन्याच्या शेवटच्या रविवारी आईकडे जाऊन येते.

मुलगी दहा वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. मला ती मावशी म्हणते.

तो कागद पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपला. दर रविवारी सकाळी चहा घेता घेता आठवड्याचा माझा बेत लिहायला लागले आणि कपाटाच्या बाहेरच्या बाजूला चिकटवायला लागले. मोठ्या अक्षरात. बाहेर मी, आत ती. पण पोटं माझं अक्षर वाचतच नव्हती. मी मंगळवारी मासे लिहावेत आणि नवऱ्याने चष्म्याचं दुकान बंद करून येताना डझनभर अंडी आणावीत.

“मासे लिहिलेत ना मी?”

“अगं, मंगळवार आहे,” असं तो म्हणायचा, जणू अंडी कॅलेंडरमध्येच छापलेली असतात.

तिने घर सोडलं, नवरा सोडला, पण मंगळवार काही सोडला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग अंड्यांचं काहीतरी करायचे आणि मासे बुधवारी व्हायचे. बुधवारी मासे कोणाच्या कागदावर होते, ते वर सांगितलंच आहे.

शनिवार मात्र मी पहिल्याच आठवड्यात ताब्यात घेतला. केक म्हणजे माझा प्रांत. बेकरीतून येताना दर शनिवारी एक केक घेऊन यायचे, कधी तीन थरांचा, कधी वर फळांची नक्षी. नवरा दोन तुकडे खायचा. भिंगरी एक घास घ्यायची, म्हणायची, “छान आहे, मावशी,” आणि उरलेला तुकडा चमच्याने इकडून तिकडे ढकलत बसायची. वाईट म्हणाली असती तर चाललं असतं. ‘छान’ला उत्तर नसतं.

आठ महिने असे गेले. मग एका शनिवारी मी ठरवलं, आता तिच्याच मैदानात उतरायचं. कागदावरचं तिचंच प्रमाण घ्यायचं, याच घरातला ओव्हन लावायचा आणि असा केक काढायचा की त्या हिरव्या शाईने लाजावं. प्रमाण वाचूनच मला हसू आलं. बेकिंग पावडर जास्त, दूध जास्त, मोजमाप कपाने. बेकरीत आम्ही मीठसुद्धा तोलतो.

घरातला ओव्हन मी तोवर फक्त तवे ठेवायला वापरला होता. तवे काढले, ओव्हन तापवला, केक आत ठेवला. सतरा-अठरा मिनिटं झाली असतील. काचेतून बघत होते, छान वर आला होता. तेवढ्यात कट्‌ असा आवाज झाला आणि ओव्हनचं दार आपोआप चार बोटं खाली आलं. मी धावत जाऊन लावलं, ते पुन्हा आलं. बाहेरून भिंगरी पळत आली, तिने जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढली आणि पाठ दाराला टेकवून सराईतपणे अडकवली. तोवर व्हायचं ते झालं होतं. केक मधोमध खचला होता, बशीसारखा.

मागोमाग नवराही आला होता, आणि ती दोघं टाळ्या वाजवायला लागली.

“खळगा! बाबा, खळगा पडला!” भिंगरी नाचत होती. नवरा पोट धरून हसत होता. चाळीस केक रोज काढणारी बाई, आणि तिचा केक घरात बसला, तर हसं व्हायचंच. पण इतकं? माझे कान तापले. ती दोघं बाहेर गेल्याबरोबर मी तो केक भांड्यातून खरवडला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. झाकण लावते न लावते तोच भिंगरी परत आली. तिच्या एका हातात जॅमची बाटली होती, दुसऱ्या हातात चमचा. तिने रिकाम्या भांड्याकडे पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं. बाटली जागेवर ठेवली आणि खोलीत निघून गेली.

सोमवारी मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने दाराची बिजागरी बदलली, नवी स्प्रिंग घातली, दोनदा उघडझाप करून दाखवली. “इतकी वर्षं असंच चालवलंत?” तो म्हणाला. “इतकी वर्षं मी नव्हते,” मी म्हटलं. जुनी स्प्रिंग तो घेऊन गेला. मला फार बरं वाटलं. तिची एक तरी गोष्ट या घरातून बाहेर पडली.

पुढच्या शनिवारी केक फुलला. आरशासारखा सपाट, कडेने सोनेरी. मी तो टेबलावर आणून ठेवला आणि भिंगरीच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने बोटाने केकच्या मधोमध हलकेच दाबून पाहिलं. मग हात मांडीवर घेतला.

“मावशी, आईने मला तिकडे कायमचं राहायला बोलावलंय. पुढच्या रविवारी संध्याकाळी फोन करून काय ते सांगायचंय.” थांबली. “मी जाऊ का?”

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते. पोरीशिवाय घर कसं वाटेल हे नाही आलं. आलं ते हे, की ती जिंकली. हिरवी शाई जिंकली. पोरीची माया मला आहे, नाही असं नाही, पण त्या क्षणी माया दोन पावलं मागे उभी होती आणि जळफळाट पुढे.

भिंगरी झोपायच्या तयारीला गेल्यावर नवऱ्याने तोंड उघडलं. इतके महिने मूग गिळून बसला होता.

“ते हसणं तुला हसणं नव्हतं गं. त्या दाराने आमचा केक कायम बसायचा. मग खळग्यात जॅम भरायचा. आणि शनिवारी जेवताना प्रत्येकाने सांगायचं, आठवडा कसा गेला. ज्याचा सगळ्यात वाईट, त्याला मधला तुकडा. भिंगरीला गणितात शून्य मिळालं तेव्हा तिला. माझ्या दुकानाची काच फुटली तेव्हा मला.”

“मग हे मला आठ महिन्यांत का नाही सांगितलं?”

“तू एवढे सुंदर केक आणायचीस. त्यांना खळगा नाही म्हणून कसं सांगणार?”

असा राग आला मला! सभ्यपणाचा एवढा राग कधी आला नव्हता. आणि त्याखाली, सांगायला हवंच, शरम होती. मी दार दुरुस्त केलं नव्हतं. त्या पोरीचा शनिवार बंद केला होता.

मंगळवारी दुपारी अंडी उकडत ठेवली आणि भिंगरीच्या आईला फोन लावला. पहिल्यांदाच. नंबर फिरवला तो रागाने की लाजेने, कोण जाणे.

“मी बोलतेय,” एवढंच म्हटलं. तिने ओळखलं.

“भिंगरी बरी आहे ना?”

“बरी आहे. एक विचारायचं होतं. तुम्ही केकला खळगा कसा पाडायचात?”

ती हसली. तिचं हसू छान आहे, हेही मला आवडलं नाही.

“पाडत कुठे होते? पडायचा. मला इतकी लाज वाटायची त्याची. म्हणून जॅम भरायला लागले, तर या दोघांनी त्याचा सणच केला. इथे माझा ओव्हन नवा आहे. केक मस्त फुगतो. तुमची भिंगरी तोंड लावत नाही.” मग हळूच म्हणाली, “तुमचं बरं आहे. तो ओव्हन तुमच्याकडे आहे.”

तुमची भिंगरी, म्हणाली. मग मी सांगूनच टाकलं. “मी दार दुरुस्त करून घेतलं.”

मला वाटलं, आता आनंदाने उडी मारेल. मीच पोरीला तिच्याकडे ढकललं होतं की. तिने गप्प बसायचं होतं, एवढंच. पण ती म्हणाली, “मग हाताने उघडा. अठराव्या मिनिटाला. त्याच्या आधी नको, पार चिखल होतो. त्यानंतर खचत नाही. चार बोटंच उघडा, आणि वीस आकडे मोजा.”

तिच्या जागी मी असते तर सांगितलं नसतं. हे मला त्याच वेळी कळलं आणि तिचा आणखी राग आला.

शनिवारी बेकरीतून केक आणला नाही. तिचंच प्रमाण घेतलं, कपाने मोजलं. भिंगरी दारात उभी राहून बघत होती. अठराव्या मिनिटाला मी ओव्हनसमोर खाली बसले. आत केक असा सुरेख वर येत होता की बेकरीत मी हाताखालच्या पोरींना बोलावून दाखवला असता. एकवीस वर्षं मी एकच गोष्ट सगळ्यांना ओरडून सांगत आले, मध्ये दार उघडायचं नाही. मी दार चार बोटं खाली ओढलं.

“मावशी!” भिंगरी किंचाळली.

“मोज,” मी म्हटलं. “वीसपर्यंत.”

ती मोजायला लागली. बाराला केकचा मध्य थरथरला, पंधराला बसला. विसाला तिने स्वतः जाऊन खुर्ची आणली आणि दाराला लावली. नव्या स्प्रिंगला खुर्चीची काही गरज नव्हती. मी खुर्ची तशीच राहू दिली.

जेवताना नवरा म्हणाला, त्याने एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला आणि ते बिचारं तीन दिवस भिंतींवर आपटत फिरलं. भिंगरी म्हणाली, तिची बाकावरची मैत्रीण दुसऱ्या बाकावर गेली. मग दोघं माझ्याकडे बघायला लागली. मला आठवडा सांगायची सवय नाही.

“मी एक चांगला केक कचऱ्यात टाकला,” मी म्हटलं. “आणि एक चांगलं दार दुरुस्त केलं.”

भिंगरीने जरा विचार केला. मग मधला तुकडा कापला आणि माझ्या ताटलीत ठेवला. जॅम ओघळत होता. आतून केक ओला होता, दातांना चिकटत होता. बेकरीत असा केक कोणी केला असता तर मी त्याला घरी पाठवलं असतं. सगळा खाल्ला. बोटंसुद्धा चाटली.

रविवारी संध्याकाळी तिने आईला फोन लावला. मी पुढच्या आठवड्याचा बेत लिहीत बसले होते, म्हणजे कान देऊन बसले होते.

“आई, मी इथेच राहते. सुट्टीत येईन ना, सगळी सुट्टी.” पलीकडून ‘का’ असं विचारलं असावं. “ओव्हन इथे आहे. आणि बाबा इथे आहेत.” मोठा श्वास घेतला. “आणि मावशीला आता केक बिघडवता येतो.”

पहिला नंबर ओव्हनचा, दुसरा बाबांचा, तिसरा माझा. राहिली याचा आनंद झाला आणि त्याच दमात त्या लोखंडी पेटीचा हेवा वाटला. माझं हे असंच आहे.

मग भिंगरीने फोन माझ्या हातात दिला. “आईला तुझ्याशी बोलायचंय.”

तिचा आवाज जड होता. “पडला का खळगा?”

“पडला. तुम्ही सांगितलं तसाच.”

“मधला तुकडा कोणाला?”

खोटं बोलावं असं मनात आलं. “मला,” मी म्हटलं.



“मला कधीच नाही मिळाला,” ती म्हणाली. “दर शनिवारी मीच करायचे, मीच कापायचे. माझा आठवडा कसा गेला, हे सांगायची पाळीच यायची नाही. मीही कधी सांगितलं नाही म्हणा.” मग म्हणाली, “असो. भिंगरीला स्वेटर घालत जा, गार पडतंय.”

फोन ठेवून मी कपाट उघडलं. हिरव्या अक्षरातल्या सातही ओळी पुन्हा वाचल्या. सात दिवस कोणाला काय आवडतं ते सगळं होतं त्यात. तिला काय आवडतं, ते एकाही दिवशी नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी भिंगरी आईकडे निघाली तेव्हा तिच्या पिशवीत मी एक डबा ठेवला. आदल्या दिवशीच्या केकचा मधला तुकडा, जॅमसकट. “हा आईला दे,” म्हटलं. “ती खाईपर्यंत समोर बस. आणि तिचा आठवडा कसा गेला, ते विचार.”

माझा हेवा गेला असं मात्र कोणी समजू नका. तुकडा कापताना सुरी आपोआप जरा आत सरकली. थोडा लहानच कापला मी तो.